पाळीव कोळ्यांचं खाद्य घरीच: डुबिया झुरळं, रातकिडे, मीलवर्म आणि फळमाश्या

टॅरँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, घरी आणणं सोपं आहे. त्याला वर्षानुवर्षं जिवंत, स्वच्छ आणि योग्य मापाचं खाद्य पुरवणं हे खरं काम. कित्येक जातींची मादी पंधरा-वीस वर्षं जगते. मोठ्या शहराबाहेर राहणाऱ्याला इतकी वर्षं दर आठवड्याला कीटक विकत मिळतीलच याची खात्री नसते. कुरिअरने मागवलेल्या रातकिड्यांपैकी बरेच वाटेतच मरतात. त्यामुळे खाद्यकीटकांची छोटी वसाहत घरीच असलेली बरी.

बागेतले नाकतोडे किंवा गच्चीवरच्या दिव्याखाली जमणारे किडे देण्याचा मोह टाळा. शेतात आणि सोसायटीच्या बागेत फवारणी होते. स्वयंपाकघरातल्या झुरळाने विषारी जेल किंवा मुंग्यांचा खडू चाटलेला असू शकतो. ज्या मात्रेने झुरळ लगेच मरत नाही, तेवढीही कोळ्याला घातक ठरू शकते. असा कोळी पाय झटकत, थरथरत चालतो, आणि त्यावर घरी करण्यासारखा इलाज नाही. शिवाय बाहेरच्या कीटकांतून परजीवी कृमी येतात ते वेगळंच.

आधी हिशोब करा

कोळी फार कमी खातो, हे नव्या पाळणाऱ्याच्या पचनी पडायला वेळ लागतो. समजा तुमच्याकडे चार प्रौढ टॅरँटुला आणि सहा पिल्लं आहेत. प्रौढाला दर दहा दिवसांनी दोन मध्यम झुरळं धरली तर महिन्याला २४ होतात. पिल्लाला आठवड्यातून दोनदा एक बारीक कीटक दिला तर सहा पिल्लांचे ४८. म्हणजे सगळे मिळून महिन्याला सत्तर-पंचाहत्तर कीटक.

डुबियाची मादी चांगल्या उबेत साधारण दोन महिन्यांनी एकदा विते आणि एका वेळी वीस ते तीस पिल्लं देते. १५ माद्या असतील तर महिन्याला पावणेदोनशेच्या आसपास पिल्लं निघतात. काही मरतील, काही पुढच्या पिढीसाठी ठेवावी लागतील, तरी गरज भागून उरतात. त्यामुळे २०० झुरळांनी सुरुवात करण्यात अर्थ नाही. मोठी वसाहत म्हणजे जास्त विष्ठा, जास्त वास, जास्त ओल, आणि घरातल्या माणसांची जास्त नाराजी.

दुसरा हिशोब हवामानाचा. परदेशी लेखांत सगळा भर ऊब देण्यावर असतो, कारण ते थंड देशांत लिहिलेले असतात. आपल्याकडे वर्षातले आठ-नऊ महिने ऊब फुकट मिळते. आपल्याला हाकलावी लागते ती ओल. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८५ टक्क्यांवर असते, आणि वसाहती बुडतात त्या याच काळात. डब्याची रचना, खाद्य आणि साफसफाई ठरवताना पावसाळा डोळ्यांसमोर ठेवा.

कोणता कीटक कशासाठी

मुख्य खाद्य म्हणून डुबिया झुरळ, राखीव साठा म्हणून मीलवर्म (कोंड्यात वाढणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या), अशी जोडी बहुतेकांना पुरते. झाडावर राहणाऱ्या टॅरँटुलांना आणि उड्या मारणाऱ्या कोळ्यांना हलणारी शिकार लागते, त्यांच्यासाठी रातकिडे ठेवा. अगदी बारीक पिल्लांना फळमाश्या लागतात. दोन जाती हाताशी असाव्यात, म्हणजे एक वसाहत बसली तरी कोळी उपाशी राहत नाहीत.

रेड रनर किंवा तुर्कस्तानी झुरळ या नावाने विकलं जाणारं लालसर झुरळ मात्र घेऊ नका. ते वेगाने पळतं, भराभर वाढतं, आणि अमेरिकेच्या उष्ण भागांत घरांभोवती पसरून उपद्रवी ठरलं आहे. आपल्या हवेत डब्याबाहेर पडलेली मादी काय करील याचा प्रयोग कोणी करू नये. डुबिया मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. तेही बाहेर सोडायचं नाहीच, पण गुळगुळीत प्लास्टिकवर त्याला चढता येत नाही आणि ते उडत सुटत नाही, म्हणून सांभाळायला सोपं. ते देशातल्याच पाळणाऱ्याकडून घ्या. जिवंत कीटक परदेशातून मागवायला परवाना लागतो.

कोळ्यांच्या कागदांबद्दलही एक गोष्ट. पोइसिलोथेरिया आणि ब्रॅकिपेल्मा या टॅरँटुलांच्या प्रजाती साइटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. सह्याद्रीतल्या झाडांच्या ढोलीतले कोळी पकडून आणणं तर सरळ चूक आहे.

डुबियाचा डबा

साहित्य: ४५ ते ५० लिटरचा, आतून गुळगुळीत, अपारदर्शक प्लास्टिकचा झाकणाचा डबा. स्टीलची मच्छरजाळी, ग्लू गन, अंड्यांचे लगद्याचे ट्रे आठ ते दहा, दोन उथळ झाकणं किंवा बशा, आणि तापमान-आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर.

१. डब्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना, वरच्या तिसऱ्या भागात, १० × १५ सेंमीची एकेक खिडकी कापा. झाकणात तेवढीच तिसरी. फक्त झाकणातल्या भोकांवर भागवू नका. हवा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने गेली तरच ओल बाहेर पडते.

२. जाळी आतल्या बाजूने, खिडकीपेक्षा दोन सेंमी मोठी कापून ग्लूने चिकटवा. नायलॉनची जाळी वापरू नका, कीटक ती कुरतडतात. ग्लूच्या कडा खडबडीत राहिल्या तर पिल्लं त्यावरून चढतात. आतल्या बाजूला, खिडक्यांच्या खाली, पारदर्शक पॅकिंग टेपचा ५ सेंमी रुंद पट्टा सगळीकडून फिरवा.

३. अंड्यांचे ट्रे किराणा दुकानात मिळतात, पण त्यांवर अंड्याचे डाग किंवा पिसं असतील तर घेऊ नका. स्वच्छ ट्रे दोन दिवस कडक उन्हात ठेवा. ते डब्यात उभे लावा, आडवे रचू नका. उभ्या ट्रेमधून विष्ठा तळाशी गळते, आडव्यात ती साचून ओली होते. ट्रेचं टोक आणि झाकण यांत किमान १० सेंमी अंतर ठेवा.

४. तळाशी माती, भुसा, कोकोपीट काहीही घालू नका.

५. एका बाजूला कोरड्या खाद्याची बशी, दुसऱ्या बाजूला ओल्या खाद्याची. दोन्ही शेजारी ठेवल्या तर कोरडं खाद्य ओलं होतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

सुरुवातीला १५ माद्या आणि ४-५ नर सोडा. ओळखायला सोपं आहे: नराचे पंख पूर्ण पाठ झाकतात, मादीचे फक्त खांद्याजवळ खुंटासारखे असतात. नर फार झाले तर ते एकमेकांचे पंख कुरतडतात आणि माद्यांना त्रास देतात. जास्तीचे नर आधी खाऊ घाला.

प्रजननासाठी डब्यात २८ ते ३२ अंश तापमान हवं. विशीच्या खाली झुरळं जगतात, पण वीत नाहीत. नाशिक-पुण्याच्या थंडीत डबा आतल्या खोलीत, उंच कपाटावर ठेवला तरी चार-पाच अंशांचा फरक पडतो. तेवढ्याने भागलं नाही तर १५ वॅटची हीट मॅट डब्याच्या एका बाजूला बाहेरून लावा. थर्मोस्टॅटशिवाय लावू नका, आणि त्याचा सेन्सर डब्याच्या आत, मॅटच्या बाजूला ठेवा. एकच बाजू उबदार असली की झुरळं आपली जागा निवडतात. विदर्भातल्या मे महिन्यात अडचण उलटी: चाळिशीपलीकडे गेलेल्या खोलीत बंद डबा ठेवू नका, तो जमिनीवर, आतल्या भिंतीशी हलवा. आर्द्रता ५० ते ६० टक्के असावी.

खाद्य

कोरडं मिश्रण: गव्हाचा कोंडा चार वाट्या, ओट्स दोन वाट्या, डाळं एक वाटी, माशांच्या खाद्याच्या गोळ्या पाव वाटी. मिक्सरमधून भरड काढा. पिठासारखं बारीक केलं तर ते ओल धरून घट्ट बसतं. कोंडा आधी कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं हलवत भाजा आणि पूर्ण गार करा. यामागचं कारण पुढे येईलच.

कुत्र्या-मांजरांचं खाद्य रोज देणारे अनेक आहेत. झुरळं त्यावर झपाट्याने वाढतात, पण जादा प्रथिनं त्यांच्या शरीरात युरिक आम्लाच्या रूपाने साठत जातात. तेच पुढे कोळ्याच्या पोटात जाणार. प्रथिनं मिश्रणाच्या पाचव्या भागापर्यंत ठेवली की पुरेत. फार कमीही नकोत. कमी पडली की झुरळं एकमेकांचे पंख आणि कात टाकलेली मऊ पिल्लं खातात.

पाण्याची वाटी ठेवू नका, बारीक पिल्लं बुडतात. गाजराच्या चकत्या, लाल भोपळा, संत्र्याची फोड, पपईची साल यांतून पाणी मिळतं. भाजी कीटकनाशकाची शंका धरूनच वापरा: धुवा, सोला, पालेभाजी टाळा. कोबी-फ्लॉवर तर नकोतच. ओलं खाद्य दोन दिवसांआड, संपेल एवढंच द्या आणि उरलेलं २४ तासांत काढा. पावसाळ्यात १२ तासांत.

पहिले पाच-सहा महिने

इथे धीर लागतो. प्रौढ माद्या आणल्यावर महिना-दोन महिन्यांत पहिली पिल्लं दिसतात. ती तांदळाच्या कणीपेक्षा थोडी मोठी, चपटी, तपकिरी असतात. त्यांना प्रौढ व्हायला चार ते सहा महिने लागतात. या काळात मूळ १५ माद्यांना हात लावू नका आणि पिल्लांतली मोठी होत चाललेली निम्मी राखून ठेवा. वसाहत बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे घाईने माद्या खाऊ घालणं.

मधूनच एखादं पांढरंशुभ्र झुरळ दिसेल. ते आजारी नसतं, नुकती कात टाकलेलं असतं. काही तासांत तपकिरी होतं. कोळ्यासाठी तो सगळ्यात मऊ घास.

तळाची विष्ठा दर आठवड्याला उपसू नका. नवजात पिल्लं तीच खाऊन सुरुवातीचे दिवस काढतात. दोन-तीन महिन्यांनी एकदा ट्रे झटकून झुरळं दुसऱ्या डब्यात घ्या, विष्ठा रव्याच्या चाळणीतून चाळा, चाळणीवर राहिलेली पिल्लं परत टाका आणि थोडी जुनी विष्ठा तळाशी राहू द्या. मापानुसार वेगळं करायचं असेल तर एका लहान डब्याच्या तळाला ४ मिमीची भोकं पाडून त्यात झुरळं ओता. उजेडापासून पळणारी बारीक पिल्लं स्वतःच खाली उतरतात.

काय बिघडतं आणि का

पिल्लंच होत नाहीत: तापमान कमी, नर म्हातारे, किंवा तुम्ही रोज झाकण उघडून बघता. घाबरलेली मादी पोटातली अंडपेटी अर्धवट टाकते. खाद्य घालण्या-काढण्यापुरतंच उघडा.

अमोनियाचा उग्र वास: तळाशी ओल आहे. निरोगी डब्याला कोरड्या धान्यासारखा मंद वास येतो. ट्रे बदला, ओलं खाद्य चार दिवस बंद करा, खिडक्या मोठ्या करा. मुंबईत एवढ्याने भागलं नाही तर १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा छोटा पंखा एका खिडकीबाहेर, हवा बाहेर ओढेल असा लावा. हा ३०० रुपयांच्या आतला उपाय पावसाळ्यात वसाहत वाचवतो.

खाद्यावर पांढरी, हलणारी धूळ: हे धान्यातले माइट. शेतीच्या भाषेत त्यांनाही कोळीच म्हणतात. ते कोंड्यातूनच येतात, म्हणून कोंडा भाजायचा. एकदा आले की खाद्य फेका, ट्रे फेका, झुरळं कोरड्या रिकाम्या डब्यात नव्या ट्रेवर हलवा आणि आठवडाभर फक्त गाजराची चकती द्या, तीही दिवसातून दोन तास. माइट कोरड्यात टिकत नाहीत, झुरळं टिकतात. कीटकनाशकाचा विचारही नको.

कुबड्या, पळत्या बारीक माश्या: या फोरिड माश्या मेलेल्या झुरळांवर आणि सडक्या फळावर वाढतात. मेलेली झुरळं दर आठवड्याला चिमट्याने उचला. या माश्या कोळ्यांच्या ओल्या डब्यांतही शिरतात, म्हणून दोन्ही डबे एकाच कपाटात ठेवू नका.

मुंग्या: एका रात्रीत सगळं संपवतात. डबा चार वाट्यांवर ठेवलेल्या फळीवर ठेवा, वाट्यांत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. किंवा टेबलाच्या पायांना व्हॅसलिनचा जाड पट्टा. खडू नको. त्याच खोलीत डासांचं लिक्विड मशीन, स्प्रे, धुरी काहीही नको. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी कोळी आणि कीटक दोन्ही दुसऱ्या घरी हलवा आणि किमान दोन दिवसांनी, घर हवेशीर करूनच परत आणा.

रातकिडे

पिवळट-तपकिरी घरगुती रातकिडा जगभर विकला जातो, पण त्याला डेन्सोव्हायरसची लागण होते. हा विषाणू १९७७ मध्ये युरोपातल्या उत्पादनात आढळला, आणि २००९-१० च्या सुमाराला उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या फार्मांना त्याचा जबर फटका बसला. त्याऐवजी काळा, पंखांच्या मुळाशी दोन पिवळसर ठिपके असलेला रातकिडा घ्या. तो या रोगाला दाद देत नाही आणि आपल्या हवेत रुळतो. तोटा एकच: नर रात्रभर ओरडतात, त्यामुळे बेडरूममध्ये डबा ठेवता येत नाही. आणि तो चावरा आहे, हे कोळ्याच्या बाबतीत लक्षात ठेवा.

डबा डुबियासारखाच, पण टेपचा पट्टा ८ सेंमी आणि झाकण घट्ट, कारण हे उड्या मारतात. ट्रे जास्त घाला. गर्दी झाली की ते एकमेकांना खातात. २० माद्या आणि १० नर पुरे. मादीच्या मागे सुईसारखी लांब अंडनलिका असते.

अंडी घेण्यासाठी ५ सेंमी उंचीच्या खाऊच्या डब्यात ४ सेंमी ओलं कोकोपीट दाबून भरा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. त्यावर जाळी अंथरा: मादीची अंडनलिका जाळीतून आत जाते, पण रातकिडे उकरून अंडी खाऊ शकत नाहीत. तीन-चार दिवसांनी तो डबा काढा, झाकणाला टाचणीने भोकं पाडून लावा, तारीख लिहा आणि २८ ते ३० अंशांत ठेवा. दहा-बारा दिवसांत अंडी फुटतात. दरम्यान कोकोपीट सुकलं की अंडीही सुकतात, आणि चिखल झाला की बुरसतात. एक दिवसाआड बघून गरज असेल तरच फवारा मारा.

पिल्लं टाचणीच्या डोक्याएवढी असतात आणि पाण्याच्या थेंबातही बुडतात. त्यांना वेगळ्या डब्यात टिश्यू पेपरच्या सुरकुत्यांत सोडा, खाद्य पिठासारखं दळून द्या आणि पाण्यासाठी बटाट्याची पातळ चकती रोज बदला. सहा-सात आठवड्यांत ती प्रौढ होतात. प्रौढ मात्र दोनेक महिन्यांतच मरतात, म्हणून दर दोन आठवड्यांनी अंड्यांचा नवा डबा लावत राहा. रातकिड्यांची साखळी एकदा तुटली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मीलवर्म आणि सुपरवर्म

मीलवर्म सगळ्यात कमी कष्टाचे. तीन उथळ ट्रे घ्या: एक भुंगेऱ्यांचा, एक अळ्यांचा, एक कोषांचा. पहिल्या दोन ट्रेमध्ये भाजलेला कोंडा ४-५ सेंमी भरा. भुंगेरे कोंड्यात अंडी घालतात. दर दोन आठवड्यांनी भुंगेरे उचलून नव्या कोंड्यात हलवा आणि जुना कोंडा अंड्यांसकट बाजूला ठेवा. दहा-पंधरा दिवसांत बारीक अळ्या वळवळू लागतात, आणि खाण्याजोगं माप यायला दोन-अडीच महिने लागतात. गाजराची चकती कोंड्यावर नुसती ठेवा, खुपसू नका. कोष दिसले की उचलून वेगळे करा, नाहीतर भुंगेरे ते पोखरतात. जास्त झालेल्या अळ्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ७ ते १० अंशांत ठेवल्या तर वाढ मंदावून आठवडे टिकतात. आठवड्यातून एकदा त्या बाहेर काढून दिवसभर खाऊ द्या.

सुपरवर्म, म्हणजे दुसऱ्या एका भुंगेऱ्याच्या मोठ्या अळ्या, गर्दीत कोष धरत नाहीत. पूर्ण वाढलेली अळी एकेका लहान डबीत, खाद्याशिवाय, अंधारात ठेवा. आठवडा-दोन आठवड्यांत ती वळते आणि कोष होतो. हे खाद्य स्निग्ध आहे, रोजचं नव्हे.

फळमाश्या

कोळ्यांच्या अगदी बारीक पिल्लांना आणि उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या पिल्लांना याशिवाय पर्याय नाही. पंख खुरटलेल्या, न उडणाऱ्या ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टरची बाटली एखाद्या पाळणाऱ्याकडून मिळवा. माध्यम आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत वापरतात तेच, घरच्या मापात:

पाणी २०० मिली, गूळ २० ग्रॅम, रवा २० ग्रॅम, अगर २ ग्रॅम, प्रोपिओनिक आम्ल दीड मिली. अगर किराणा दुकानात चायना ग्रास या नावाने मिळतं. पाण्यात अगर आणि गूळ विरघळवून उकळा, रवा थोड्या पाण्यात कालवून सोडा, गुठळ्या न होऊ देता पाच-सात मिनिटं शिजवा. गॅस बंद करून वाफ ओसरली की आम्ल घालून ढवळा. आम्ल त्वचेला भाजतं, हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. ते बुरशी रोखतं, त्यामुळे वगळू नका. स्वच्छ बाटल्यांत २-३ सेंमी थर ओता आणि बाटलीच्या तोंडावर कापड टाकून गार होऊ द्या. आतली वाफ टिश्यूने पुसा, ओल्या काचेला माश्या चिकटून मरतात. वर कोरड्या यीस्टचे चार दाणे, चढायला घडी घातलेला कागद, ३०-४० माश्या, कापसाचा घट्ट बोळा, आणि बाटलीवर तारीख.

२५ अंशांत दहा-बारा दिवसांत नवी पिढी निघते. दर दहा दिवसांनी नवी बाटली लावा आणि महिन्याच्या आत जुनी फेकून द्या. तीस अंशांच्या वर दोन गोष्टी बिघडतात: नर नापीक होतात, आणि खुरटलेले पंख काही माश्यांत थोडे वाढतात. उन्हाळ्यात बाटल्या माठाच्या शेजारी किंवा घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. एखादी रानटी फळमाशी आत शिरली तर ती बाटली बाद समजा. पंख खुरटण्याचा गुण दबका आहे, त्यामुळे रानटी माशीपासून झालेली पिढी उडणारीच निघते.

कोळ्यापर्यंत

शिकार देण्याआधी २४ तास तिला चांगलं खाऊ-पिऊ द्या. रिकाम्या पोटाचं झुरळ म्हणजे नुसतं टरफल. पाळीव पालींच्या खाद्यावर भुरभुरतात ती कॅल्शियमची पूड कोळ्याला लागत नाही, त्याची कात कॅल्शियमची नसते.

माप कोळ्याच्या पोटावरून ठरवा. शिकारीची लांबी पोटापेक्षा जास्त नको, पिल्लांसाठी त्याहून कमी. फार बारीक पिल्लाला रातकिड्याचा मागचा पाय किंवा मीलवर्मचा तुकडा ठेवला तरी ते खातं. डुबिया जमिनीवर टाकलं की मेल्याचं सोंग घेतं किंवा मातीत घुसतं. ते लांब चिमट्यात धरून कोळ्याच्या पुढच्या पायांशी हलवा, पकडलं की सोडा. किंवा डोकं चिमट्याने दाबून द्या. पाय हलत राहतात, पण पळता येत नाही. सुपरवर्मचं डोकं तर दाबायलाच हवं, त्याचे जबडे मजबूत असतात.

न खाल्लेली शिकार २४ तासांत काढा. कोळ्याने दोनदा नाकारलं, पोट गडद आणि चकचकीत झालं, की कात टाकायची वेळ आली असं समजा आणि खाद्य बंद करा. कात टाकताना कोळी पाठीवर उताणा असतो आणि तासन्‌तास हलू शकत नाही. अशा वेळी एकटा रातकिडाही त्याला कुरतडून मारू शकतो. कात टाकल्यावर सुळे पांढरे असतात, मग लाल, मग काळे. पिल्लाला पाच-सहा दिवस, प्रौढाला दहा-पंधरा दिवस द्या. सुळे काळे दिसल्याशिवाय काहीही टाकू नका, पाण्याची वाटी मात्र भरलेली ठेवा.

स्वतःची काळजी

झुरळांच्या विष्ठेची आणि कातेची धूळ अॅलर्जी वाढवते. सुरुवातीला काही वाटत नाही, वर्षभराने शिंका आणि हातावर पुरळ सुरू होतात. डबा साफ करताना एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, काम गॅलरीत करा, हात कोपरापर्यंत धुवा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर झुरळांऐवजी मीलवर्म आणि फळमाश्यांवर भागवा. चाळण्या, चिमटे, बशा यांवर रंगीत टेप लावून त्या स्वयंपाकघरापासून वेगळ्या ठेवा.

साफ केलेली विष्ठा, जुने ट्रे, बाद झालेल्या बाटल्या थेट कचऱ्यात टाकू नका. त्यांत बारीक पिल्लं आणि अंडी असतात. जाड पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांत ४८ तास ठेवा. त्यानंतर डुबियाची विष्ठा कुंडीतल्या झाडांना मूठभर घालता येते, मातीत मिसळून आणि वर पाणी देऊन.